तिसरी आणि पाचवी खिडकी

२००७ साली आमच्या नाशिक रोडच्या कचेरीतले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले. तिसऱ्या खिडकीवर गांगुर्डेबाई दाखले देतात आणि पाचवीवर शिरसाठ जुन्या नोंदी सांभाळतात. नऊ वर्षांपूर्वी शिरसाठांनी बाईंची खुर्ची न विचारता उचलली, तेव्हापासून दोघांत अबोला. मधे चौथ्या खिडकीवर मी. दोघांचे निरोप मीच पोचवायचो.

आता बाईंनी नोंद मागितली आणि शिरसाठांनी बटण दाबलं, की ती थेट बाईंच्या पडद्यावर येते. जोडणी करणारा पुण्याचा इंजिनिअर मला म्हणाला, "काका, तुमची दगदग वाचली." मला कोणी विचारलं होतं का?

मागणीखाली शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट असते. एका दुपारी बाईंनी तिच्यात टाइप केलं, 'चहा घेणार का?' मी मान लांबवून बघत होतो. मिनिटभरात शिरसाठांचं उत्तर आलं, 'विनंती विहित नमुन्यात करावी.'

बाईंनी कीबोर्ड बाजूला सारला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांगा, आधी माझी खुर्ची परत करा म्हणावं."

मी चपला पायात सरकवल्या आणि उठलो. इंजिनिअर अजून लहान आहे.