तंबूच्या माळावरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. किनवटच्या बाजूला, पैनगंगेकाठच्या जंगलात मुक्कामाला येणारे लोक ज्या माळावर तंबू ठोकतात, त्याच्या तोंडाशी मी उभी आहे. मित्रांनो, माझी कहाणी काही आनंदाची नाही, तरी ऐका.

एका रंगाऱ्याने मला उन्हात बसून हिरवा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार नियम लिहिले. चूल पेटवू नका. तंबू पाण्यापासून लांब ठोका. कचरा परत न्या. खाण्याचे पदार्थ उघड्यावर टाकू नका, प्राण्यांना देऊ नका. सुरुवातीला पाठीवर पिशव्या घेऊन आलेली मंडळी मला मोठ्याने वाचत, माझ्याशेजारी फोटो काढत. मी फुशारून जात असे. पण नव्याचे नऊ दिवस! पुढे माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले आणि चौथी ओळ पुसट झाली.

दोन वर्षांपूर्वी येळवशीला उदगीरचे दुकानदार रुद्रेश आणि त्यांची बायको वर्षाराणी मुक्कामाला आले. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आपल्याकडे शेतात जाऊन काळ्या आईला जेवू घालतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी घरूनच आंबील, भज्जी, उंडे, खीर असे सगळे आणले होते. पूजा करून त्यांनी तंबूभोवती आंबील शिंपडली आणि पानावर खीर-उंडे वाढून झाडाखाली ठेवले. माळाची राखण करणाऱ्या सरजाबाई लगबगीने आल्या.

"आवं दादा, पाटी वाचली न्हाई का? खाणं टाकायचं न्हाई हितं."

"वाचली की मावशी. प्राण्याला देऊ नका म्हणती ती. आम्ही काळ्या आईला देतोय," रुद्रेश म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "आमचं शेत रस्त्यात गेलं हो. सणाच्या दिवशी आईला उपाशी कसं ठेवावं?"

सरजाबाईंचे मन विरघळले. माळाच्या राखणीपायी त्यांचीही येळवस त्या दिवशी बुडाली होती. "ऱ्हाऊ द्या मग. सणाचं हाय," असे म्हणून त्यांनी हातावर प्रसाद घेतला.

पहाटे अस्वलीण आली. मागे तिचे पिल्लू होते. तिने पान चाटूनपुसून साफ केले. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो म्हणतात. इथे अस्वलीण सोकावली. मोहाची फुले आणि वारुळे सोडून ती तंबू हुंगू लागली. कुणी हौसेने बिस्किटे टाकली, कुणी भात ठेवून फोटो काढले. शेवटी ती खालच्या वाडीत शिरली आणि चुलीपाशी बसलेल्या गौरम्मा नावाच्या बाईला तिने पंजा मारला. गौरम्मा वाचली, पण तिचा एक डोळा गेला.

मग वनखात्याचा पिंजरा आला. त्यात काय ठेवावे, हे कुणाला विचारावे लागले नाही. गुळाची खीर सरजाबाईंनीच रांधली, डोळे पुसत पुसत. अस्वलीण सरळ आत गेली, आणि दार पडले. पिल्लू दोन दिवस माझ्या खांबाशी अंग घाशीत फिरले. नंतर ते कुणाला दिसले नाही.

गेल्या येळवशीला रुद्रेश पुन्हा आले. पान मांडता मांडता त्यांनी विचारले, "मावशी, औंदा अस्वल दिसतंय का?"

"न्हाई. तुमची खीर अन् माझी खीर, दोन्ही खाऊन गेली ती," सरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळे सांगितले.

रुद्रेशांनी हातातला उंडा पुन्हा डब्यात ठेवला. वर्षाराणींनी पान उचलून त्यावरचे सगळे डब्यात घातले. जेवण तसेच उदगीरला परत गेले.

मित्रांनो, जंगलाला तुमच्या हातचा घास नको असतो. तुमचा देव, तुमचा सण, तुमची माया खरी असेल, पण अस्वलाला त्यातले फक्त खाणे कळते. सरजाबाईंनी माझी चौथी ओळ आता नव्याने रंगवली आहे. ती लांबूनही दिसते. जिच्यासाठी ती लिहिली होती, ती अस्वलीण मात्र कुठल्याशा गजांआड बसून खाण्याची वाट पाहत असेल.