ल्यू डॉक्टरांचा कडू घास

गिरिधरने कढई तिरपी करून लाल रश्श्यातले कोंबडीचे तुकडे डब्यात सोडले, वरून कांद्याची पात भुरभुरली आणि झाकण लावण्याआधी विचारलं,

“काका, मयतीच्या घरी कोंबडी चालते?”

“आम्ही छप्पन्नमध्ये बौद्ध झालो तवाच सुतक सोडलं,” आनंदराव म्हणाले. “पण हे अस्सल चिनी आहे ना?”

“म्हणजे काय! पाटी पाहा ना बाहेरची. चिकन मंचुरियन. मुंबईले शिकून आलो मी.”

“चिनी माणसाच्या हाताखाली?”

“त्याच्या हाताखाली जो होता, त्याच्या हाताखाली. तो चिनीबी कलकत्त्याचाच होता म्हणे.”

आनंदरावांना बरं वाटलं. समोरच्या घरातले दातांचे चिनी डॉक्टर, ल्यू, तेही कलकत्त्याचेच. म्हणजे डबा घरच्यासारखाच झाला.

सदर बाजारातून गड्डीगोदामच्या आपल्या वस्तीपर्यंत ते डबा सांभाळत चालत आले. सुतक सोडलं होतं, पण मयतीच्या घरी शेजाऱ्याने कडू घास नेणं वस्तीत कोणी सोडलं नव्हतं. आनंदरावांची बायको, मीराबाई, गेली तेव्हा समोरच्या घरातून ल्यू डॉक्टरांची बायको, प्रेमिलाबाई, डबा घेऊन आली होती आणि आनंदरावांनी घास गिळेपर्यंत समोरून हलली नव्हती. आता तीच गेली होती. तिसरा दिवस चालू होता आणि डॉक्टरांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. कलकत्त्याहून आलेल्या भाच्याने मामाचं परवाच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. इथे एकट्याने काय खाणार, असं तो सगळ्यांना सांगत होता. कोराडीच्या वीज केंद्रातल्या पाळीनंतर बसायला आनंदरावांना दुसरं घर नव्हतं.

डॉक्टर लोखंडी कॉटवर बसले होते. डोक्यावरच्या फळीवर दोन बुद्ध होते. डॉक्टरांचा पोट सुटलेला, हसरा. प्रेमिलाबाईचा डोळे मिटलेला. खाली टेबलावर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेला पाव, केळी, बिस्किटांचे पुडे तसेच पडून होते. भाचा सामान बांधायला दोरी आणायला गेला होता.

“जेवून घ्या, डॉक्टर. तुमच्या लोकाईचं आणलं.”

डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला. एक तुकडा बोटांत धरून उजेडाकडे फिरवला, उपटलेला दात पाहावा तसा. मग तोंडात टाकून हळूहळू चावला.

“चांगलं आहे. कोराडीच्या कँटीनचं होय?”

“नाही गा डॉक्टर! तुमचंच होय ना. चिनी.”

“आमचं?” डॉक्टरांनी डब्यात पुन्हा पाहिलं. “मले वाटलं तुमचं.”

डॉक्टरांनी आणखी एक तुकडा उचलून बोटांनी मोडून पाहिला.

“हे भजं होय,” डॉक्टर म्हणाले. “कोंबडीचं भजं. आलं, लसूण, हिरवी मिरची, सगळं तुमच्याकडचं. हा काळा सॉस तेवढा कलकत्त्याचा. कोणी कलकत्तेवाला पोटासाठी मुंबईले गेला असंल. गिऱ्हाइकाले जे आवडते त्यात त्यानं बाटली उलटी केली आन् नाव ठेवलं चिनी. चीनमध्ये याले कोणी ओळखणार नाही.” मग ते थांबून म्हणाले, “मलेबी नाही ओळखणार.”

आनंदराव हसले. डॉक्टर हसले नाहीत.

“मीराबाई गेली तवा प्रेमिलानं तुले काय आणलं होतं?”

“झुणका-भाकर.”

“मग मले काहून नाही?”

डॉक्टरांनी टेबलावरच्या केळ्यांकडे हात केला.

“ती होती तोवर मी इथला जावई होतो. तिले पोचवून आलो आन् चिनी झालो. कोणी केळी आणते, कोणी पाव. काय द्यावं याले, म्हणून पाहून राहिले माझ्या तोंडाकडे. तीस वर्षं याच लोकाईचे दात काढले ना गा मी.”

“तसं नाही, डॉक्टर.” आनंदराव मान खाली घालून बोलले. “मले भाकर थापता येत नाही. मीरा गेल्यापासून घरात तवा चढला नाही.”

डॉक्टर उठून आत गेले आणि पिठाचा डबा काखेत घेऊन आले.

“मले येते. तिचा हात मोडला होता तवा शिकलो. पण इथं नाही. मयतीच्या घरची चूल पेटत नाही. तुझ्याकडे चल.”

“आन् पीठ? ते तर इथलंच.”

“पिठाले कोण विचारते?”

आपल्या घरी येऊन आनंदरावांनी स्टोव्हला पंप मारला, तव्याचा गंज विटकरीने घासला. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. कवळीचा साचा काढणारे ते हात होते. पीठ त्यांना लगेच वश झालं. पहिली भाकर तव्यावर फुगली तेव्हा आनंदरावांनी तोंड फिरवून उगाच खिडकी उघडली. तिसरी त्यांनी स्वतः थापून पाहिली. ती उचलतानाच तिचे तुकडे झाले.

“कवळी बसली नाही,” डॉक्टर म्हणाले.

दोघंही हसले. हसू थांबल्यावर डॉक्टरांनी दोन्ही भाकरी फडक्यात गुंडाळून आनंदरावांच्या हातात दिल्या.

“आता मी घरी जाऊन बसतो. तू घेऊन ये.”

ते गल्ली ओलांडून गेले. आनंदराव दारात थोडं थांबले, शर्टाची गुंडी लावली आणि निघाले. डॉक्टर कॉटवर हात मांडीवर ठेवून बसले होते, कोणी येणार आहे हे ठाऊक नसल्यासारखे. आनंदराव समोर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, मंचुरियनच्या रश्श्यात बुडवून त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरांना तो गिळायला वेळ लागला. आनंदराव हलले नाहीत. दुसरा घास डॉक्टरांनी आपल्या हाताने घेतला. मग दुसरी भाकर आनंदरावांकडे सरकवली.

“याच्यासंग चांगली लागते,” ते तोंड पुसत म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पीठ सरलं. दळण टाकायले लागते. रविवारी जाऊ.”

शुक्रवारची गाडी आनंदरावांच्या ओठांवर आली होती.

“सकाळीच जाऊ,” ते म्हणाले. “मग चक्कीवर गर्दी होते.”