नऊ वर्षांचा पुरावा

रविवारी सकाळी बायको शेवटून तिसऱ्या प्रकरणात असताना संगणकानं हात वर केले. जागा शिल्लक नाही, असं पडद्यावर आलं आणि रेकॉर्डिंग थांबलं. ती अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून देते, आणि हे पुस्तक सोमवारी सकाळी द्यायचं होतं. तिनं हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं ग्रंथपाल होती ती. उशिरा पुस्तक परत आणणारी भलीभली माणसं त्या नजरेपुढे गार पडलेली मी पाहिली आहेत.

नवी डिस्क आणू, असं मी लगेच सुचवलं. त्यावर तिनं मला ऐकवलं की कपाट भरलं म्हणून कुणी नवं कपाट आणत नाही, आधी पुस्तकं काढायची असतात. मग तिनं तिचं काढायला सुरुवात केली. भाचीच्या लग्नाचे फोटो पाच ठिकाणी होते, ते एका ठिकाणी आले. सुनेनं पाठवलेले, कुणीच न पाहिलेले व्यायामाचे धडे गेले. एवढं करूनही जागा तेवढीच. कचरापेटीत टाकलेलं कचरापेटीतच बसून राहतं, ती रिकामी करावी लागते, हे आम्हाला अर्ध्या तासानं कळलं. ती रिकामी केल्यावरसुद्धा जेमतेम एका प्रकरणापुरती जागा झाली. मग तिनं सगळ्या फायली आकारानुसार लावल्या आणि पहिल्या चारशे माझ्या निघाल्या.

त्या कशाच्या, ते सांगायलाच हवं. वरच्या मजल्यावर चष्मेवाला राहतो. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आता मुलगा चालवतो. दर रविवारी चार वाजता आम्ही बुद्धिबळ खेळतो. नऊ वर्षांपूर्वी मी चहा आणायला आत गेलो आणि परत येऊन पाहतो तो त्याचा घोडा भलत्याच घरात. मी म्हटलं, तू चाल फिरवलीस. तो म्हणाला, तुला भास झाला. माझी सगळी नोकरी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेली. मला भास होत नाहीत. पुढच्याच रविवारी मी कपाटावर कॅमेरा लावला आणि तेव्हापासूनचा प्रत्येक डाव संगणकात साठवला. चष्मेवाल्यालाही हे माहीत होतं. तो कॅमेऱ्यासमोर भांग नीट करून बसायचा.

ह्यातली एकही फाईल मी कधी उघडली नव्हती. पुरावा आहे एवढंच मला पुरेसं होतं.

"वर्षानुवर्षं कुणी वाचायला नेलं नाही, ते पुस्तक बाद," बायको म्हणाली. "पण बाद करण्याआधी एकदा उघडून झटकायचं. पानांत लोक काय काय विसरतात. तुमचं तुम्ही झटका, तोवर मी स्वयंपाकाचं बघते."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत मी बसलो. आज चोर सापडणार होता. जुन्या फायली मधूनच उघडायच्या आणि मी उठून गेल्याची जागा शोधायची, असा सपाटा लावला. दहा डाव पाहिले, वीस पाहिले. मी उठायचो, चष्मेवाला पंख्याकडे बघत बसायचा, नखं बघायचा, एकदा तर चक्क डुलकी काढली. सोंगट्यांना बोट लावलं नाही. मला त्याचा रागच आला. इतकं सरळ वागायचं तर आधी सांगायचं होतं.

मग मी अलीकडच्या फायलींकडे आलो. मागच्या वर्षी मी मोठ्या आजारातून उठलो. तीन महिने खेळ बंद होता. पुन्हा बसलो तेव्हापासून मी जवळजवळ हरलेलोच नाही. आजारपणानं माझा खेळ सुधारला, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

पडद्यावर मी वजीर सरळ त्याच्या घोड्याच्या तोंडी दिला आणि गोळ्या घ्यायला उठलो. चष्मेवाल्यानं पटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग स्वतःचा घोडा अलगद उचलून लांब, काही कामाचा नाही अशा घरात ठेवला. मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सापडला, असं मी खरंच मोठ्यानं म्हणालो. पुढची फाईल उघडली. तेच. त्याच्या पुढची. तेच. एकदा हत्ती सरकवला, एकदा स्वतःचं प्यादं चक्क खिशात घातलं. पंधरा डावांतले चौदा माझ्यासाठी फिरवलेले. नऊ वर्षं मी ज्याच्यावर आळ घेतला, तो अखेर रंगेहाथ सापडला होता, आणि दाखवायचं कुणाला? दाखवलं असतं तर दोघांनाही पुन्हा त्या पटावर बसता आलं नसतं. मला राग आला, मग लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, नंतर फार बरं वाटलं.

"काही सापडलं का?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. बाद करतो," मी म्हटलं.

चारशेच्या चारशे निवडल्या, काढल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. मग स्टुलावर चढून कॅमेरा काढला. दुपारी जेवणं झाल्यावर बायकोनं खोलीचं दार लावून घेतलं आणि तिचा वाचनाचा आवाज सुरू झाला.

चार वाजता चष्मेवाला आला. त्यानं सवयीनं कपाटाकडे पाहून भांगावरून हात फिरवला आणि थबकला. जागा नव्हती, काढला, असं मी सांगितलं. आता माझ्यावर लक्ष कोण ठेवणार, असं त्यानं विचारलं. मी ठेवीन म्हणालो आणि खुर्ची पुढे ओढून घट्ट बसलो.

तासाभरानं माझा वजीर पुन्हा त्याच्या घोड्याच्या तोंडी गेला. मुद्दाम नाही, माझी खरीच चूक झाली. चष्मेवाला खाकरला. गोळ्या घ्यायच्या असतील, असं म्हणाला. घेतल्या, मी म्हटलं. चहाचं काय? नंतर बघू. मग फोन वाजल्यासारखा वाटला त्याला. मी जागचा हललो नाही.

"मार," मी म्हटलं.

"अरे, वजीर आहे तुझा."

"दिसतंय मला. मार तू."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घोडा उचलून असा आपटला की बाकीच्या सोंगट्या हलल्या. पुढच्या सात चालींत माझा निकाल लागला. तो मांडीवर थाप मारून हसला, उठला, पुन्हा बसला, माझ्या बायकोला बातमी द्यायला तिच्या खोलीच्या दाराशी गेला आणि आतला वाचनाचा आवाज ऐकून परत आला. बिचाऱ्याला चौदा महिने धड जिंकायला मिळालं नव्हतं.