मास्तरांच्या गळ्यातली टेप

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, कारण शिंप्याच्या दुकानात कापड बेतणारा तो मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गिऱ्हाइकाचा महागडा कोट तोकडा कापला. मालकांनी कात्री काढून घेतली आणि त्यांना इस्त्रीवर उभं केलं. पगार निम्म्यावर आला. घरी मात्र मास्तरांनी अवाक्षर काढलं नाही. खर्चाला कमी पडलं की गुपचूप शिलकीतून भर घालायचे. रोज सकाळी लेक दारात टेप आणून द्यायची, ती गळ्यात अडकवून स्वारी अशा ऐटीत निघायची, की जणू कपड्यांचा शोध यांनीच लावला. कोपरा वळला की टेप खिशात.

लेकीला कॉलेजात जागा मिळाली. फी डोळे पांढरे करणारी होती, पण घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर अर्धी माफ होती. फॉर्म भरताना तिने विचारलं, "बाबा, पगार किती लिहू?"

मास्तरांनी जुना आकडा ठोकून दिला. ती क्षणभर थांबली आणि तोच लिहिला.

अर्ज नामंजूर झाला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, आकडा चुकला असेल तर सोमवारपर्यंत मालकांचं पत्र आणा, नाहीतर सवलत विसरा. पूर्ण फी भरणं तर शक्यच नव्हतं. आपल्या पोकळ मिजाशीपायी पोरीचं शिक्षण बुडतंय, हे त्यांना कळत होतं. सोमवारी त्यांनी मालकांपुढे मान खाली घालून पत्र मागितलं. मालकांनी दोन ओळींत लिहून दिलं: काम इस्त्रीचं, पगार इतका.

लेक कचेरीच्या दारात उभी होती. मास्तरांनी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते न उघडताच बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"वाच तरी," मास्तर पुटपुटले.

"माहितीये मला. गेल्या वर्षी तुमचा डबा घेऊन दुकानात आले होते. तुम्ही इस्त्री करत होतात. तशीच मागे फिरले."

"मग तो आकडा कशाला लिहिलास?"

"तुम्ही सांगितलात म्हणून. तुम्हाला खोटं कसं पाडू?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला. ते वाकले, तेव्हा काहीतरी कागदावर लोंबलं. आजच्या गडबडीत टेप गळ्यातच राहिली होती. सकाळी लेकीनेच दारात आणून दिली होती, रोजच्यासारखी.