दिवस झाल्यावरचं रडणं

नीलाबाईनं खाटेवर वाळत घातलेला मोहा भराभर एका अंगाला सारला आणि नंदिनी मॅडमला बसायला जागा केली. सावली गावच्या दवाखान्यात माणसांच्या मनातलं ऐकून घेणारी ही बाई, मधेच यायचं थांबवलेल्यांची विचारपूस करत आपल्या दारापर्यंत येईल, असं तिला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर ती सकाळीच रानात निघून गेली असती.

मॅडमनी तिच्या नवऱ्याचं, धनराजचं विचारलं.

"बरे आहेत ते," नीलाबाई म्हणाली. "जेवून राह्यले, झोपून राह्यले. तरास नाई काई."

खोटं त्यात काही नव्हतं. मागल्या वर्षी रानात मोहाची फुलं वेचताना वाघानं धनराजच्या डोळ्यांदेखत त्याच्या धाकट्या भावाला, झिंगूला, ओढून नेलं आणि नवऱ्याची वाचाच बसली. हातापाया पडून तिनंच त्याला सावलीला नेलं. तीन-चार खेपा झाल्या, आणि एका संध्याकाळी परत आल्यावर झिंगूचं नाव घेत तो उंबऱ्यातच ढसाढसा रडला. सारं गाव गोळा झालं. झिंगूचे दिवस केव्हाच झाले होते, आणि दिवस झाल्यावर रडलं तर गेलेला वाटेतून मागं फिरतो, असं त्या गावात मानतात. नीलाबाईनं त्याच्या तोंडावर पदर दाबला. रोगापेक्षा औषध जालीम म्हणत तिनं सावलीची वाटच बंद केली. मॅडमचा फोन आला तेव्हा भाताचा रोवणा सुरू आहे म्हणून सांगितलं.

धनराज पुन्हा रडला नाही. नवरा सुधारला, असं ती गावभर कौतुकानं सांगत फिरली.

मॅडमनी हळूच विचारलं, शेवटच्या खेपेला घरी आल्यावर धनराजभाऊ रडले होते का. नीलाबाईनं मान डोलावली.

"त्या दिवशी ते पहिल्यांदा झिंगूबद्दल बोलले होते. घरी गेल्यावर रडू येईल, येऊ द्या, असं मीच म्हटलं होतं. तुम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं माझ्याकडून."

रडत होता तोवर निदान धनराज मनानं घरात होता, हे नीलाबाईला आज कळलं, आणि फार उशिरा कळलं.

धनराज परसातून काटक्यांचा भारा घेऊन आला. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"कसे आहात, धनराजभाऊ?"

त्यानं भारा खाली ठेवला. मॅडमकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मी कसा आहो वं?" त्यानं तिला विचारलं.