आडव्या बांबूपाशी वाटाघाट

शांतिसेनेच्या प्रशिक्षण केंद्रात मॅडम जवानांना आणि मुलकी लोकांना एकत्र बसवून एकच गोष्ट शिकवायच्या: समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं. शेजारच्या वर्गात त्यांचे यजमान, कर्नलसाहेब, त्याच लोकांना शत्रूच्या चौकीतून ताफा कसा पार करावा ते शिकवायचे. मधे प्लायवूडची भिंत. मॅडमचं ऐकून घेणं कर्नलसाहेबांच्या आवाजात पार बुडून जाई. घरीही साधारण तसंच चाले.

अभ्यासक्रमाच्या शेवटी मोठा सराव असायचा. मैदानात पत्र्याचं खोटं गाव, गावाच्या तोंडाशी आडवा बांबू. मुलकी मंडळी बंडखोर व्हायची, जवान औषधांचा ताफा घेऊन यायचे. गोडीगुलाबीनं बोलणी व्हायची, बंडखोर जरा आढेवेढे घेऊन बांबू वर करायचे आणि सगळे जेवायला पळायचे.

या खेपेला बंडखोरांचा म्होरक्या झाला एक पाणीपुरवठा इंजिनिअर. एरवी अगदी गरीब माणूस. पण डोक्याला फडकं बांधलं आणि गडी बदललाच.

"बांबू हलणार नाही," तो म्हणाला. "आधी आमची मागणी. मेसमध्ये रोज जवान आधी जेवतात. आम्हाला उरते खरवड."

"अहो, हे सरावात नाहीये!" ताफ्याचा लेफ्टनंट कुजबुजला.

"भूकही सरावातली नाहीये," इंजिनिअर म्हणाला.

ऊन चढलं. त्यात केंद्राच्या संचालकांची गाडी मुख्यालयातून आलेल्या निरीक्षकबाईंना घेऊन नेमकी तिथेच येऊन थांबली.

"मी संचालक आहे. बांबू काढा!"

"इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी असतोच," इंजिनिअर शांतपणे म्हणाला. "आणि साहेब, चिडला तो हरला, हा तुमचाच नियम."

संचालकांनी समिती नेमायचं आश्वासन दिलं. बंडखोर खो खो हसले. कर्नलसाहेबांनी "उघडा!" असा हुकूम सोडला, बांबूवर आणखी दोघं जण येऊन बसले. शेवटी मॅडमना बोलावणं गेलं.

मॅडम येताच वातावरण जरा निवळावं म्हणून निरीक्षकबाईंनी मॅडमचा हात हातात घेतला. "अभिनंदन बरं का! तुमच्या यजमानांचं नाव परदेशातल्या मोहिमेसाठी पक्कं झालं. वर्षभर जाणार ना ते? तुमचं कौतुक वाटतं, एवढ्या आनंदानं पाठवताय."

मॅडम कर्नलसाहेबांकडे वळल्या. कर्नलसाहेब अचानक ताफ्याच्या टायरांची हवा तपासायला लागले.

नोकरीच्या जागी त्या नवऱ्याला नेहमी 'साहेब' म्हणत. आज मात्र सगळ्यांदेखत तोंडून निघालं, "अहो, इकडे बघा."

"घरी बोलू," ते पुटपुटले.

"घरी बोललात कुठे?"

त्या सरळ बांबूखालून वाकून पलीकडे गेल्या आणि इंजिनिअरशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आता माझीही एक मागणी आहे. सासूबाईंना अजून सांगितलं नसेलच. म्हणजे तुम्ही विमानात बसणार आणि त्यांची समजूत मी घालणार. आत्ता फोन लावा. इथेच."

खऱ्या गोळीबारात उभा राहिलेला माणूस फोन हातात घेऊन घामाघूम झाला.

"आई... मी जरा बाहेरगावी..."

"किती जरा?" आईचा आवाज बांबूपर्यंत ऐकू आला. "आणि सूनबाईला विचारलंस?"

"नाही."

"का?"

कर्नलसाहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "ती नको म्हणाली असती, तर मी गेलो नसतो. आणि मला जायचं होतं."

मॅडमना रडू आलं आणि रागही आला. त्यांनी स्वतःच उठून बांबू वर केला.

निरीक्षकबाईंनी हा सगळा प्रकार सरावाचाच भाग धरला. 'अत्यंत वास्तववादी' असा शेरा मारून त्यांनी प्रत्येक तुकडीसाठी पती-पत्नीचं भांडण अभ्यासक्रमात घातलं. मेसची मागणीही मान्य झाली: आता संचालक आधी जेवतात, मग बाकीचे सगळे एकत्र खरवड खातात.

कर्नलसाहेब मोहिमेवर गेले. सरावातल्या भांडणासाठी त्यांच्या जागी नवरा म्हणून एक सज्जन मेजर नेमण्यात आला. मॅडम जे म्हणतील ते तो पूर्ण ऐकून घेतो आणि "तुमचं बरोबर आहे" म्हणतो.

मॅडमनी संचालकांकडे तक्रार केली आहे. अशा माणसाशी भांडताच येत नाही.