लिबरेटरचे दोन वैमानिक

फ्रेडरिकने शब्द दिला होता, तोही आपल्या आईच्या, मेरीबायच्या देखत. "हे विमान पुरं होऊ दे, मग मी बोट सोडली म्हणून समज." क्रूझवरच्या किचनमधला माणूस तो. सुट्टीवर गावी, नंदाखालला यायचा आणि घर जरा भरल्यासारखं वाटू लागलं की बॅग भरायला घ्यायचा. बायकोने, सालोमीने, तो शब्द मनात पक्का धरून ठेवला.

विमान म्हणजे महायुद्धातलं बॉम्बफेकी लिबरेटर. खरं नव्हे, हातभर पंखांचं, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं. कुठल्याशा बंदरावर त्याने तो खोका घेतला होता. लढाईच्या काळात आपल्या वाडीवरून असली विमानं जाताना आजोबांनी पाहिली होती, असं तो सांगायचा. आजोबांनी खरंच पाहिली की नुसती थाप मारली, देव जाणे. दर सुट्टीत तो जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा, चार तुकडे चिकटवायचा, रंग द्यायचा, रंग मनास आला नाही की पॉलिश पेपरने घासून काढायचा, आणि तेवढ्यात जायची तारीख उभी राहायची. अशाने ते सात जन्मांत पुरं व्हायचं नव्हतं. म्हणूनच तर त्याने एवढ्या मोकळ्या मनाने शब्द दिला नसेल ना, असं सालोमीला कधी कधी वाटून जायचं.

यंदा ईस्टर करून तो गेला आणि सालोमीने खोका माळ्यावरून खाली काढला.

"आता तू पण?" मेरीबाय म्हणाल्या. "केळीला पाणी कोण लावनार?"

"लावते हो. तुमचा मुलगा पाहिजे ना घरी? मग दोन दिवस टेबल मागू नका."

दोन दिवसांचे महिने झाले. सालोमीचा हात केकवर आयसिंग काढून बसलेला, त्यामुळे बारीक काम तिला जड गेलं नाही. वरून शेवाळी, खालून राखाडी असा रंग तिने पातळ करून दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावून त्यांच्या चौकटी रंगवल्या. सगळ्यात जीव लावला तो दोन वैमानिकांवर. नखाएवढी, बसलेलीच माणसं. एकाला तिने तपकिरी मिशी काढली, फ्रेडरिकची असते तशीच, एका बाजूला जरा खाली आलेली. दुसऱ्याला मिशी दिली नाही. त्याच्या गळ्यात लाल रुमाल रंगवला, तिच्या चर्चला जायच्या ओढणीचा लाल. मग दोघांना शेजारी शेजारी बसवलं, वरून काच लावली आणि बराच वेळ बघत राहिली. इतकी वर्षं लग्नाला झाली, पण अशी शेजारी बसून ती दोघं कधी कुठे गेली नव्हती. तिला त्या प्लास्टिकच्या माणसांचा हेवा वाटला.

शेवटी चाकं लावली. विमान टेबलावर उभं केलं, हात काढला, आणि विमान धप्पकन शेपटीवर बसलं. पुढचं चाक हवेत. बसकण मारलेल्या कुत्र्यासारखं.

घोळ कुठे झाला ते तिला खोक्यातला कागद पुन्हा बघितल्यावर कळलं. नाकापाशी वजनाचं एक चित्र होतं. तिला वाटलेलं, ते अख्ख्या विमानाचं वजन दाखवलंय. तसं नव्हतं. असल्या विमानाचं एक चाक पुढे, नाकाखाली असतं, म्हणून मॉडेल जोडताना नाकात आधी काहीतरी जड भरायचं असतं. ते न भरताच तिने दोन्ही बाजू चिकटवून, घासून, रंगवून ठेवल्या होत्या. शेपटीवर बसलेल्या विमानाला पुरं कोण म्हणेल? फ्रेडरिक तर नक्कीच म्हणणार नव्हता. त्याला निमित्तच हवं होतं.

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या अर्नाळ्याच्या आनंदीबाईकडे तिने जाळ्याला लावायचं शिसं मागितलं.

"शिसं? वाडीत जालं टाकतेस का काय गो?"

"विमानाला पाहिजे."

"इमान पान्यात बुडवतेस?" आनंदीबाई हसून हसून टोपलीवर कलंडली. पण दुसऱ्या खेपेला कनवटीचं शिसं काढून दिलंन, आणि वर बोंबलांचा वाटा जरा मोठाच घातलान.

सालोमीने ब्लेडने हळूच वैमानिकांवरची काच उचकटली. शिसं ठेचून, कापून, पुढे नाकात सरकवलं. विमान उभं राहिलं आणि पुन्हा बसलं. आणखी भरलं, पुन्हा बसलं. नाकात जागा संपली. आता जागा उरली होती ती फक्त त्या दोघांच्या खुर्च्यांची. माणसं ठेवली तर विमान उभं राहत नव्हतं, आणि विमान उभं करायचं तर माणसं उतरवायला हवी होती. तिने चिमट्याने दोघांना बाहेर काढलं, त्यांच्या जागी शिसं दाबलं, काच लावली. लिबरेटर तिन्ही चाकांवर ताठ उभं राहिलं. तिने मेरीबायना हाक मारली आणि दोघी टाळ्या वाजवत राहिल्या.

नाताळच्या आठवड्यात फ्रेडरिक आला. बॅग दारातच ठेवून कपाटावरच्या विमानाकडे गेला. फिरवून फिरवून बघितलं. रंगाला नाव ठेवायला जागा नव्हती, ठेवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. मग काचेतून आत डोकावला.

"माणसं कुठेत? पुरं कुठे झालं, सालू? वैमानिक राहिले की."

"राहिले नाहीत. घरी आलेत. चल, दाखवते."

ओट्यावर तिने नाताळचा गोठा केला होता. वाळल्या गवतावर बाळ येशू, मेंढपाळ, गाई. आणि कोपऱ्यात, मेंढपाळांच्या गुडघ्यालाही न पोचणारी ती दोन माणसं गवतावर शेजारी बसलेली.

"हा मिशीवाला कोण?"

"आरशात बघ."

"आणि हा लाल रुमालवाला?"

तो वाकून बघत राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"जानेवारीत जॉइन व्हायचंय. सही करून आलोय मी."

सालोमीला राग आला. ती आत गेली आणि उगाच भांडी घासू लागली. मग रागातच म्हणाली, "तू जाणार, मला ठाऊक होतं. तरी पण केलं मी ते." आणि यातलं दुसरं वाक्यच जास्त खरं होतं.

नवं वर्ष उजाडल्यावर तो गेला. नाताळनंतरचा तीन राजांचा सण झाला तशी तिने गोठा उतरवायला घेतला. मेंढपाळ, गाई कापसात गुंडाळल्या. कोपऱ्यात मिशीवाला एकटाच बसला होता. तिने सगळं गवत उपसलं, ओटा झाडला, मेरीबायना विचारलं. लाल रुमालवाला कुठेच नव्हता.

संध्याकाळी फोनवर फोटो आला. बोटीतली अरुंद केबिन, उशीशेजारची फळी, आणि तिच्यावर लाल रुमाल घातलेलं नखाएवढं माणूस. खाली एकही शब्द नव्हता.

सालोमी किती तरी वेळ तो फोटो मोठा करून बघत होती. स्वतःला इथे ठेवून तो तिला घेऊन गेला होता. तिला रडू आलं, आणि रडतानाच तिने मिशीवाल्याला उचलून जेवणाच्या टेबलावर, फ्रेडरिकच्या जागेवर बसवलं.

"तू गप बस," ती त्याला म्हणाली. "तुझ्याशी भांडण नाही माझं."

मग तिने फोन घेतला. 'कधी येतोस' असं लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, 'तिला एकटीला तिथे करमायचं नाही. लवकर घरी आणून सोड.'